पटले सरांचा लाल पेन

पटले सरांना पेपर नुसता वाचता येत नाही, तपासावाच लागतो. तुमसरच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सर रोज सकाळी येतात, माझाच पेपर उचलतात, लाल पेनानं रंगवतात आणि वर लिहितात, दहापैकी चार. एकदा तर गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेलाच सहा गुण दिले. तो नवरदेव अजून दुकानात पाय ठेवत नाही.

सरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, मलाही. त्यांचं खरं वैर इंग्लंडच्या समालोचकांशी. मॅच लागली आणि कोणी ‘टीम आर’ म्हणालं की सर टीव्हीवर धावून जातात. टीम एक, म्हणून ‘इज’! मी मोबाइलवर शोधून दाखवलं, की अमेरिकेत ‘इज’च म्हणतात, पण इंग्लंडात ‘आर’ही चालतं. सर भडकले.

“इंग्रजायलेच इंग्रजी येत नाही, तं मी का करू? पोरायच्या हातावर छड्या मारून मी ‘इज’ शिकवलं. ते का खोटं होतं?”

त्यातल्या चार छड्या माझ्या. तरी हे मी चालवून घेतलं. शालूचं मात्र नाही.

शालू त्यांची एकुलती एक पोरगी, इंग्लंडात नर्स आहे, तिथंच संसार. आई गेल्यापासून दर रविवारी मोबाइलवर बापाला लांबलचक लिहायची, तेही इंग्रजीत, कारण घरचा नियमच तसा. सर ते माझ्याकडून छापून घ्यायचे, तपासायचे, गुण द्यायचे आणि त्याचा फोटो मलाच तिला पाठवायला लावायचे. होळीला तिनं लिहिलं, ‘माय फॅमिली आर मिसिंग यू.’ सरांनी ‘आर’वर फुली मारली. दहापैकी पाच. काय म्हणावं या माणसाला! त्यानंतर तिचं लिहिणं बंद. आला तर नुसता अंगठा.

तीन महिने सर रोज फोन पुढे करून विचारत, नेट चालू आहे ना रे? शेवटी माझं डोकं फिरलं.

“नेट बराबर आहे, सर. पोरीनं आठवण काढली अन् तुमी गुण कापले. मंग ते कायले लिहीन?”

सर उठून गेले. दोन दिवस फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि लाल पेन काउंटरवर ठेवला.

“हा राहू दे तुयापाशी. आता मी सांगतो तसं लिव. शालू, मले करमत नाही. तुले जसं येते तसं लिव. मी तपासत नाही.”

जन्मात पहिल्यांदा त्यांनी पोरीला आपल्या बोलीत लिहिलं होतं.

रविवारी उत्तर आलं. इंग्रजीतच, चांगलं लांब, आणि दोन ठिकाणी ‘फॅमिली आर’. चष्मा घरी राहिला म्हणून सरांनी मलाच वाचायला सांगितलं. माझा राग काही गेला नव्हता. मी मुद्दाम दोन्ही ‘आर’वर जोर दिला. सरांचा हात खिशाकडे गेला आणि रिकाम्या खिशावर तसाच राहिला.

“पुन्हा वाच,” सर म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. या वेळी जोर दिला नाही.