सासूबाईंची प्रगती

प्रगती समितीच्या खोलीचं दार ढकलून सासूबाई आत आल्या, तेव्हा प्राध्यापकांनी पाण्याच्या ग्लासामागे चेहरा लपवून पाहिला. ग्लास लहान पडला.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात मागे पडलेल्यांना बोलावून कारण विचारणारी ही समिती. तीत दोघंच, विभागप्रमुख बाई आणि प्राध्यापक. लेक-जावयाकडे राहणाऱ्या सासूबाईंनी निवृत्तीनंतर मोठ्या हौसेनं इतिहासाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला होता आणि आता दोन विषयांत गटांगळ्या खात होत्या. खरं तर प्राध्यापकांनी नातं आधीच सांगून बाजूला व्हायचं. त्याऐवजी त्यांनी सकाळी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठून विनवलं होतं, "तिथे आपली ओळख नाही हं! लोक म्हणतील, जावयानं वशिला लावला."

सासूबाई शब्दाच्या पक्क्या.

"निबंध का नाही दिलेत?" विभागप्रमुख बाईंनी विचारलं.

"वेळच मिळत नाही हो, मॅडम. पुस्तक उघडलं की जावयाची हाक येते."

प्राध्यापकांना ठसका लागला.

"सर, पाणी घ्या," सासूबाई परक्याशी बोलावं तशा अदबीनं म्हणाल्या आणि पुढे सुरू झाल्या. "चष्मा सापडत नाही, मोजे सापडत नाहीत. चहा तर दिवसभर. एवढा शिकलेला माणूस, पण गॅस पेटवता येत नाही!"

"करतात काय हे गृहस्थ?"

"शिकवतात म्हणे."

बाईंचा पारा चढला. "सर, ऐकताय ना? तुमचं काय मत?"

"दोन्ही बाजू... ऐकायला हव्यात," प्राध्यापक पुटपुटले.

"दुसरी बाजू कसली डोंबलाची! फैलावर घेतलं पाहिजे अशा माणसाला. आजी, नंबर द्या त्यांचा."

सासूबाई पेचात पडल्या. जावयाचा नंबर द्यावा तर फोन इथेच वाजणार. त्यांनी लेकीचा दिला. बाईंनी स्पीकर चालू केला.

"प्रगती समितीतून बोलतेय. तुमच्या आईंच्या अभ्यासाबद्दल बोलायचं होतं. तुमचे मिस्टर त्यांना घरी जरासुद्धा..."

"अहो, मग त्यांनाच झापा ना! तिथेच बसलेत, तुमच्या समितीवर. निळा शर्ट. आईनंच इस्त्री करून दिलाय सकाळी."

बाईंनी निळ्या शर्टाकडे पाहिलं. इस्त्री कडक होती.

"मी काही बोलले नाही हं, जावईबापू," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

प्राध्यापक उठून उभे राहिले. "चुकलं माझं. मी इथे बसायलाच नको होतं. घरीसुद्धा... चुकलंच."

आता आपली खरडपट्टी निघणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. पण बाई टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिल्या.

"हे प्रकरण दुसऱ्या कुणाकडे सोपवू," अखेर त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "माझी सूनही एम.ए. करतेय. तिचेही दोन विषय राहिलेत. मी तिला आळशी म्हणत होते."

त्यांनी घरी फोन लावला. स्पीकर बंद करायचं राहूनच गेलं.

"अगं, आजपासून संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. तू अभ्यासाला बस."

पलीकडून घाबरलेला आवाज आला, "आई, तब्येत बरी आहे ना तुमची? ह्यांना पाठवू का न्यायला?"