मुरलीधरभाऊंचं मुंडकं

आमच्या स्टुडिओच्या दारात उभं राहून, आत नवरा-नवरी फोटोसाठी बसलेले असताना, "काऊन रे, माह्यं मुंडकं आलं का?" असं ओरडणारा माणूस साऱ्या नागभीडात एकच. मुरलीधरभाऊ. पहिल्यांदा हे झालं तेव्हा नवरी दचकून खुर्चीवरून उठलीच. तिला समजावताना माझी पुरेवाट झाली, की बाई, मुंडकं म्हणजे ट्रायपॉडचं हेड. तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा किंवा दुर्बीण बसवायला जो फिरता भाग लागतो ना, तो.

मी वरोऱ्याहून येऊन इथं स्टुडिओ थाटला त्याला फार दिवस झाले नव्हते. लग्नाचे व्हिडिओ काढतो, त्यामुळे हेडं माझ्याकडे चार प्रकारची. भाऊ तहसीलमधून रिटायर झालेले. उंच, वाकलेले, दाढी नेहमी दोन दिवसांची. पक्षी पाहायची मोठी दुर्बीण घरी आहे, तिच्यासाठी मुंडकं पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

मी आपला उत्साहानं बॉल हेड दाखवलं. भाऊंनी स्क्रू सैल केला. वरचा कॅमेरा एका बाजूला कलंडला.

"हे तं लग्नातल्या पेलेल्या माणसावानी मान टाकते! नाई चालत."

तीन दांड्यांचं हेड दाखवलं. "तीन-तीन दांडे? मले का ट्रॅक्टर चालवायचा हाय?" मोठ्या लेन्सवाले लोक वापरतात ते गिंबल एका गिऱ्हाइकाकडून मागून आणलं. भाऊंनी बोटानं ढकललं. "पाळणा हाय हा. लेकरू निजवा याच्यात."

त्यांची तपासण्याची रीतही न्यारी. आधी स्टूल मागायचे. स्टुलावर बसायचे, उजवा हात पँटच्या खिशात घालायचे आणि सगळं डाव्या हातानं करायचे. तेही नुसत्या दोन बोटांनी. मग हात सोडायचे आणि हेडाकडे टक लावून पाहत बसायचे. जरा खाली झुकलं की "हाललं!" म्हणून उठायचे. एकदा घरच्या वेलाचा भलामोठा दुधी घेऊन आले. दुर्बिणीच्या वजनाचा म्हणे. तो सुतळीनं हेडावर बांधून डावी-उजवीकडे फिरवत बसले. बाहेर पासपोर्ट फोटोसाठी थांबलेली माणसं काचेतून पाहत होती.

"भाऊ, पक्षी कोणते पाहता तुम्ही?" मी विचारलं.

"पक्षी? मले नाई समजत बाप्पा पक्ष्यांतलं. बगळा तेवढा पांढरा असते, इतकं ठावं हाय."

मी हात टेकले. ज्याला पक्ष्यांतलं काही कळत नाही, तो पक्ष्यांच्या दुर्बिणीसाठी माझा जीव खातो. आमच्या शेजारचा झेरॉक्सवाला तर म्हणायचा, "बह्याड झालं बुडगं," म्हणजे म्हातारा येडा झाला.

शेवटी व्हिडिओवाल्यांचं, आत घट्ट तेल असलेलं फ्लुइड हेड मागवलं. ते लोण्यासारखं फिरतं आणि सोडलं तिथं थांबतं. त्याचा दांडा काढून डाव्या बाजूलाही लावता येतो. ते कळल्यावर भाऊ दांडा स्वतः डावीकडे लावून म्हणाले, "घरी येऊन बसवून देशील का? माह्या हातानं बिघडलं तं?"

घरी गेलो. ओसरीत खुर्चीवर शकुंतलाबाई बसल्या होत्या, भाऊंच्या पत्नी. केस नीट विंचरलेले, पातळाला पिन लावलेली. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता. म्हणजे कोणीतरी ठेवला होता. भाऊंनी आतून दुर्बीण आणली आणि पाठमोरे राहूनच सांगू लागले. बाई शाळेत जीवशास्त्र शिकवायच्या. हिवाळ्यात दर रविवारी तलावावर. भाऊ मागून स्टँड घेऊन. "हे पायत जाये, मी बिड्या पेत बसो." पावसाळ्यात झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही. 'नाई' तेवढं तोंडातून निघायचं.

"मंग एकडाव त्या तलावाकडे बोट केलं तिनं," भाऊ म्हणाले. "जुनं मुंडकं उजव्या हाताचं."

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही तिघं तलावावर गेलो. धान कापून झालेलं, बांध्यांत नुसती धसकटं उरलेली. आभाळ भरून आलेलं, पाण्यालाही रंग नव्हता. खुर्ची मांडली, दुर्बीण बाईंच्या डोळ्याच्या उंचीला बसवली. बाईंनी डाव्या हाताची दोन बोटं दांड्यावर ठेवली. दुर्बीण हलकेच फिरली आणि जिथं सोडली तिथं थांबली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. इतका खूश माणूस मी लग्नांतही पाहिला नव्हता.

बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग मान वर करून भाऊंकडे वळल्या.

"काय दिसून राह्यलं वो?" भाऊंनी नेहमीसारखं विचारलं.

बाईंनी तोंड उघडलं. "नाई," म्हणाल्या. पुन्हा जोर लावला. "नाई... नाई." त्यांना पक्ष्याचं नाव सांगायचं होतं. ते डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं आणि ओठांवर येत नव्हतं. आम्हा दोघांपैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं, की मदत करावी. बाईंनी दांडा झटकून दूर केला आणि पायांकडे पाहत बसल्या.

नंतर भाऊंनी पुष्कळ विनवलं, पण बाई परत तलावावर आल्या नाहीत. दुर्बीण दिसली की तोंड फिरवायच्या. भाऊ स्टुडिओत यायचे बंद झाले. मला वाटलं, संपलं सगळं.

परवा त्यांच्या गल्लीत एका घरी फोटो द्यायला गेलो होतो. सकाळची वेळ. भाऊ नुकतेच कुठून तरी आले होते, चपला चिखलानं भरलेल्या, खांद्याला स्टँड. ओसरीत बाईंच्या खुर्चीपुढे उकिडवे बसून सांगत होते.

"काळा होता. मान पांढरी, लोकरीवानी. पाय लाल. शेताच्या धुऱ्यावर एकटाच उभा होता, लय वेळ. चोच खाली करून. मी हाललो नाई तं तोही हालला नाई."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. भाऊ पुढं वाकून त्या ओठांकडे पाहत राहिले.

"हाव," ते म्हणाले. "तोच होता."