आप्पांचा टेन्शनर

भटूआप्पा जीप खच्चून भरतात आणि मग सगळ्यांना खाली उतरवतात. मोलगीचा बाजार उरकून तळोद्याला निघालेली माणसं पिशव्या, पोरं आणि कोंबड्या सांभाळत उन्हात उभी राहतात. आप्पा मात्र बॉनेट उघडून इंजिनाचा पट्टा ताणून धरणारा टेन्शनर तपासत बसतात. तोवर कुणी बोलायचं नाही. एकदा एक कोंबडा आरवला, तर त्याला मालकासकट मागच्या जीपमध्ये पाठवलं.

टेन्शनर म्हणजे स्प्रिंगवरचा एक हात आणि त्याच्या टोकाला पुली. आप्पा त्याला घरची सून म्हणतात. "ती ढिली पडनी का सारं घर बसनं," हे प्रत्येक नव्या प्रवाशाला ऐकावंच लागतं. चालू इंजिनात तो हात थरथरतो का बघायचं, मग इंजिन बंद करून पट्टा उतरवायचा आणि पुली बोटाने फिरवून खरखर ऐकायची. एकटा माणूस, दुसरा उद्योग काय, असं आम्ही शाळेतले मास्तर म्हणायचो.

त्या दुपारी सुनंदाला, माझ्या बायकोला, महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या. बाळ आडवं आहे, ताबडतोब तळोद्याला न्या, असं नर्सबाईंनी सांगितलं. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली. गावात होती ती फक्त आप्पांची जीप. आप्पांच्या दारातच सुनंदाला जीपमध्ये मागे झोपवलं, मी शेजारी बसलो आणि आप्पांनी बॉनेट उघडलं.

माझं डोकंच फिरलं. आजच्या दिवस राहू द्या, म्हणून मी आधी विनवलं, मग शिव्या दिल्या. आप्पांनी मला हाताला धरून पुढे नेलं. टेन्शनरचा हात थडथड उडत होता. पुली वाकडी झाली होती आणि पट्टा कडेला सरकून त्याचे धागे सुटले होते.

"घाटमा हाऊ पट्टा तुटी गया तं काय करशात, गुरुजी?"

मागून सुनंदाचं कण्हणं ऐकू येत होतं.

आप्पा घरामागे गेले आणि तिथल्या ताडपत्रीची दोरी सोडू लागले. खाली त्यांच्या मुलाची, रवीची जीप होती, याच बनावटीची, चाकं काढून विटांवर ठेवलेली. रवी भांडून सुरतेला गेला, तेव्हापासून आप्पा रोज सकाळी तिचं इंजिन चालू करून ठेवत, पण दुसऱ्या कुणाला तिच्याजवळ फिरकू देत नसत. त्यांनी पाना लावून तिचा टेन्शनर आणि पट्टा काढला आणि आमच्या जीपला बसवला. त्यांचा हात एकदाही चुकला नाही. मी मात्र पाने खाली पाडत होतो.

घाट उतरताना मी जीव मुठीत धरून फक्त इंजिन ऐकत होतो. तळोद्याला ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पुढच्या आठवड्यात नंदुरबारहून नवा टेन्शनर आणि पट्टा घेऊन मी आप्पांकडे गेलो. त्यांनी पुली फिरवून कानाशी धरली, मान डोलावली आणि सगळं पुन्हा माझ्या हातात दिलं. चला, बसवून टाकू, मी म्हटलं. ते जागचे हलले नाहीत. विटांवरच्या जीपकडे बघत राहिले.

"रवीले फोन करा, गुरुजी," ते म्हणाले. "सांगा, आप्पाले टेन्शनर बसाडता येत नही."