‘अयशस्वी’मधला ‘अ’

प्रश्न विचारून उत्तर यायच्या आत पाठ फिरवणं हा माणसाचा जुना गुण आहे. तो यंत्राला शिकवण्याचा मान मात्र आमच्या डोळ्यांच्या रुग्णालयाच्या संगणक विभागाला मिळाला. त्या विभागात मी तक्रारींचं टेबल सांभाळतो, म्हणून हे अभिमानाने सांगतो आहे.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख घरबसल्या मिळावी म्हणून आम्ही वेबसाइट केली. बटण दाबलं की पान सर्व्हरकडे मागणी पाठवतं आणि सर्व्हर ‘हो’ किंवा ‘नाही’ कळवतो. आमचा सर्व्हर शांत स्वभावाचा. त्याला अकरा सेकंद लागायचे. पानाचा धीर पाच सेकंदांतच सुटायचा. मग ते परस्पर ‘मागणी अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ असं जाहीर करून मोकळं व्हायचं. सहा सेकंदांनी सर्व्हर रीतसर तारीख नोंदवून ‘हो’ म्हणायचा, पण ऐकायला कोणी नसायचं. (विभागप्रमुखांच्या घरीही असंच चालतं, असं त्यांच्या पत्नी म्हणतात.)

गणिताच्या एका निवृत्त मास्तरांनी पानाचा आदेश शिरोधार्य मानून बेचाळीस वेळा बटण दाबलं. शेवटी ते स्वतःच चौकशीला आले, तेव्हा कळलं की त्या आठवड्यातल्या त्रेचाळीस जागांपैकी बेचाळीस त्यांच्याच नावावर आहेत.

ठरल्या दिवशी नर्सबाईंनी एक नंबर पुकारला. मास्तर आत गेले आणि डाव्या डोळ्याला पट्टी बांधून बाहेर आले. नर्सबाईंनी दोन नंबर पुकारला.

“आत्ताच जाऊन आलो की,” मास्तर म्हणाले.

“ते एक नंबरवाले. तुम्ही दोन नंबर.”

“मग दोन नंबर आले नाहीत, असं लिहा.”

बाईंनी तसं एकेचाळीस वेळा लिहिलं. सर्जनसाहेबांनी आठवडाभर शब्दकोडी सोडवली. एका गैरहजेरीला सहा महिने बंदी असा नियम असल्याने, उजव्या डोळ्यासाठी साडेवीस वर्षांनी यावं, असं पत्र मास्तरांना गेलं. हिशेब बरोबर असल्याचं त्यांनी उलट टपाली कळवलं.

त्रेचाळिसावी जागा शिवणकाम करणाऱ्या एका मावशींची होती. त्यांनी बटण एकदाच दाबलं. पान नाही म्हणालं, ते त्यांनी खरं मानलं. महिन्याभराने त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“तुम्ही गैरहजर होता. सहा महिने बंदी,” मी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं.

“मला तर नाही म्हणालं होतं.”

“ते पान म्हणालं, मावशी. सर्व्हर हो म्हणाला होता.”

“कुणाला?”

मी उगाच फाइल चाळली.

“सुईत दोरा ओवता येत नाही हो,” त्या म्हणाल्या. “सून कामावर जाताना वीस सुया ओवून ठेवते. त्या संपल्या की ती येईपर्यंत मी नुसती बसून असते.”

मी सहानुभूतीच्या रकान्यात खूण केली.

चौकशी समिती नेमली गेली. आमच्या प्रोग्रामर बाईंनी अर्ध्या तासात दोष शोधला. उत्तर येईपर्यंत पानाने थांबायचं आणि तोवर बटण बंद ठेवायचं, दोन ओळींचं काम आहे, असं त्या म्हणाल्या.

“लोकांना अकरा सेकंद ताटकळत ठेवायचं?” विभागप्रमुख म्हणाले. “तक्रारी वाढतील.”

तेव्हा दोन ओळी लिहिण्याऐवजी एक ओळ पुसली (पुन्हा प्रयत्नाची), आणि ‘अयशस्वी’मधला ‘अ’ काढला. शेजारी हिरवी खूण लावली. तक्रारी शून्यावर आल्या. मावशींची बंदी उठवण्याचा अर्ज मी स्वतः त्याच पानावर भरला. तोही यशस्वी झाला. त्या अजून वीस सुयांवरच आहेत.

पुढे सर्व्हर एकोणीस दिवस बंद पडला, तेव्हाही सहा हजार दोनशे बारा मागण्या यशस्वी झाल्या. लोकांच्या समाधानाची सरासरी पाचपैकी चार पूर्णांक आठ तारे. हे तारे आम्ही लावलेले नाहीत. हिरवी खूण दिसताच, तारीख कोणती मिळाली तेही न बघता, ते आपण दिलेत. आणि इथवर वाचूनही ‘माझी नोंद खरंच झाली आहे का’ असं विचारणारा आपला फोन मला अजून आलेला नाही.