गाडीचा धक्का लागलाच नव्हता

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक रांग डोळ्यांसमोर आणा. चर्चच्या अंगणात बावीस मोटारसायकली, एकीला खेटून एक, सगळ्या डावीकडे किंचित कललेल्या, आणि इतक्या घासूनपुसून लख्ख केलेल्या की त्यांत बघून भांग पाडावा. मे महिन्यातला दुसरा रविवार. हिवाळाभर कोंडलेल्या गाड्या बाहेर निघाल्यात आणि पाद्रीबाबा त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडणार आहेत, वर्षभर त्या कुठे आपटू नयेत म्हणून. दिसली रांग? नीट बघून घ्या, कारण ती फार वेळ उभी राहणार नाही.

त्याच वेळी गावापासून चौदा किलोमीटरवर ओरेस्ट पावल्युक आपल्या पिकअप गाडीत बसत होते आणि बसताबसता चिडत होते. वय चौऱ्याऐंशी, त्यातली पासष्ट वर्षं स्टिअरिंगमागे. त्यांची मुलगी नादिया चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, तळायला सकाळीच पुढे गेली होती, आणि जाताना नेहमीचं बोलून गेली होती.

"बाबा, आता गाडी चालवणं बास. शेत विका आणि सस्कटूनला माझ्याकडे या. सातव्या मजल्यावरून नदी दिसते."

"नदी मला खालूनही दिसते," ओरेस्ट म्हणाले होते.

गाडी गेली की शेत गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. इथे शेजारी सहा किलोमीटरवर आणि दवाखाना चौदावर. परवाना नसलेला माणूस सातव्या मजल्यावरच जातो.

आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानात थंडीच्या रात्री गाडीसुद्धा प्लगला लावून ठेवावी लागते, नाहीतर इंजिन असं गोठतं की सकाळी हूं नाही की चूं नाही. बहुतेक लोक एप्रिलमध्ये ती वायर गुंडाळून टाकतात. ओरेस्ट एक जूनला गुंडाळतात. एकदा मे महिन्यात बर्फ पडला होता, आणि त्याबद्दल त्यांनी हवामानाला अजून माफ केलेलं नव्हतं. सकाळी भिंतीतला प्लग काढायचं काम शनिवार-रविवारी त्यांच्या नातीचं, लारिसाचं. लारिसा नऊ वर्षांची. त्या दिवशी ती भिंतीपर्यंत गेलीही होती. पण तिथे एक गोफर, आमच्याकडची जमिनीखाली राहणारी खार, बिळातून डोकं काढून तिच्याकडे बघत होता, आणि गोफर व प्लग यांतून तुम्ही काय निवडलं असतं ते खरं सांगा.

गाडी निघाली तेव्हा प्लग भिंतीतून आपोआप सुटला, आणि दहा मीटर लांबीची मातकट वायर शेपटीसारखी मागोमाग निघाली.

आता आमच्या रस्त्यांची एक रीत आहे. समोरून येणाऱ्याला हात करायचा. नाही केला तर तो घरी जाऊन बायकोला विचारतो, अमक्याचं आपल्याशी काय बिनसलंय. त्यामुळे दुधाच्या टँकरवाल्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून दोन्ही हात हलवले, तेव्हा ओरेस्टनी हसून हात केला. ट्रॅक्टरवाल्याने भोंगा वाजवत मागे बोट दाखवलं, त्यालाही हात केला.

"आज लोक काय प्रेमाने वागतायत!" ते म्हणाले.

"आजोबा, त्या फाटकापाशी उभ्या बाईंनी खराटा उगारला," शेजारच्या सीटवरून लारिसा म्हणाली.

"एका हातात खराटा आहे, दुसऱ्यात बादली. मग हात कसा करणार बिचारी?" आणि ओरेस्टनी तिला दोनदा हात केला.

चर्चच्या अंगणात चिटपाखरू नव्हतं. सगळी मंडळी तळघरात पिरोगी खात होती. ओरेस्टनी मोटारसायकलींपासून चांगलं दोन ट्रॅक्टर जातील एवढं अंतर ठेवून गाडी पुढे नेली आणि लायलॅकच्या झुडपाकडे वळवली. वायरचं टोक मात्र खडीवरून सरपटत रांगेपाशी गेलं आणि पहिल्या मोटारसायकलच्या स्टँडला गुंडाळलं. स्टँड मिटला. पहिली दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, आणि पुढचं तुम्हाला ऐकू आलंच असेल.

ओरेस्ट खाली उतरले. "अरेरे," ते म्हणाले, "कोणी पाडल्या?"

तळघराच्या जिन्यावरून कातडी जाकिटं घातलेली बावीस माणसं वर आली, तोंडात अर्धी अर्धी पिरोगी. ही निवृत्तांची मोटारसायकल मंडळी. त्यांतला सगळ्यांत तरुण अडुसष्टचा. पुढे होते त्यांचे अध्यक्ष, वेंडेल फ्रीसेन. अंगणात चालू इंजिनाची गाडी एकच होती, आणि तिच्याशेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस उभा होता. निकाल लागायला याहून जास्त काय लागतं?

"म्हाताऱ्यांना गाडी देऊच नये!" वेंडेल गरजले. "माझी निळी! अजून पाणीसुद्धा नाही पडलं तिच्यावर!"

"धक्का लागलाच नाही!" ओरेस्टही गरजले. "माझी गाडी कुठे, तुमच्या कुठे! आणि म्हातारा कोणाला म्हणतोस रे? तुझं वय काय?"

"सत्त्याहत्तर. पण मी दोन चाकांवर तोल सांभाळतो!"

"गेल्या वर्षी चौकात उभ्याउभ्या आडवा झाला होतास."

"तेव्हा वारा होता!"

"आजही आहे. मग वाऱ्याचाच परवाना काढून घ्या की!"

बंदोबस्ताला आलेली कॉन्स्टेबल बुशार वही काढून पिकअपभोवती वाकून बघत होती. ती सव्वीस वर्षांची होती, आणि या गर्दीत ते वय कोणालाच पटत नव्हतं. "काका, बंपरवर लाल रंग लागलाय. त्यांच्या तीन गाड्या लाल आहेत."

"तो माझ्याच कोठाराचा रंग आहे," ओरेस्ट ताठ मानेने म्हणाले.

"म्हणजे कोठारालाही ठोकलंत?" जिन्यावरून नादियाचा आवाज आला. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. "बाबा! मला का नाही सांगितलं?"

"कोठार माझं, गाडी माझी. आमचं आपसात मिटलं!"

मंडळींनी गाड्या उचलायला घेतल्या, तर तीही एक कथाच. एकाचा गुडघा नवीन, दुसऱ्याची पाठ जुनी, तिसऱ्याला डॉक्टरांनी दुधाच्या कॅनपेक्षा जड काही उचलायला मनाई केलेली. एकेका गाडीला पाच-पाच जण लागले. दर गाडीगणिक "हे असले लोक रस्त्यावर सोडतातच कसे!" असं कोणीतरी म्हणे, कमरेवर हात ठेवून. अर्ध्या तासाने बावीस गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. कोणाचा आरसा गेला होता, कोणाच्या टाकीला पोचा आला होता. वेंडेलच्या निळीवर तर वीतभर ओरखडा.

"काका," कॉन्स्टेबल बुशार हळूच म्हणाली, "मला तुमचं नाव फेरतपासणीला पाठवावं लागेल. डोळे, कान, चालवण्याची परीक्षा. तोवर गाडी बंद."

"पाठवा! पण लिहा की गाडी लागलीच नाही!"

"ते तपासू. आधी तुमची गाडी जरा पुढे घ्या, यांना बाहेर पडायला वाट हवी."

ओरेस्ट रागारागाने गाडीत बसले आणि त्यांनी ती पाच पावलं पुढे घेतली.

मुलांनो, सगळं गाव साक्षीला उभं होतं. पिकअप तिकडे लायलॅकपाशी, मोटारसायकली इकडे, मध्ये अख्खं अंगण मोकळं. आणि रांगेतली पहिली, निळी मोटारसायकल कोणीही हात न लावता कलली, दुसरीवर पडली, दुसरी तिसरीवर, बाविसावीपर्यंत. पवित्र पाण्याची बादली घेऊन आलेले पाद्रीबाबा दोन पावलं मागे सरकले.

"बघा!" ओरेस्ट खिडकीतून ओरडले. "लागली का माझी गाडी? लागली का?"

कॉन्स्टेबल बुशार खडीवर गुडघे टेकून बसली आणि तिने निळीच्या स्टँडपाशी काहीतरी चिमटीत धरलं. धुळीच्याच रंगाची वायर. ती हातात धरून कॉन्स्टेबल चालत गेली, चालत गेली आणि पिकअपच्या नाकापाशी पोचली.

"मे महिन्यात?" वेंडेल म्हणाले. "मे महिन्यात गाडी प्लगला लावतोस?"

"ही काढायची कोण विसरलं?" कॉन्स्टेबलने विचारलं.

लारिसाला गोफर आठवला, भिंत आठवली, आणि रस्त्यातला तो खराटाही आठवला. तिने आजोबांकडे पाहिलं. ओरेस्टनी तिच्याकडे क्षणभरच पाहिलं, मग नजर वळवली. तासभर वयाच्या नावाने आकाशपाताळ एक करणारा तो माणूस एकदम खाली बसलेल्या आवाजात म्हणाला, "मी. मीच विसरलो. वय झालंय माझं."

"हे मी मघापासून सांगतोय!" वेंडेल म्हणाले, पण त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता.

नादियाने पिठाचा हात पुढे केला. ओरेस्ट गाडीतून उतरले आणि त्यांनी चाव्या तिच्या तळहातावर ठेवल्या. कॉन्स्टेबलने वहीत लिहायला पेन टेकवलं.

"थांबा!" लारिसा म्हणाली. "वायर काढायचं काम माझं होतं. मीच विसरले. आणि मी नऊ वर्षांची आहे."

"तू मध्ये बोलू नकोस!" ओरेस्ट संतापले. आयुष्यात पहिल्यांदाच ते नातीवर ओरडले होते. "मोठी माणसं बोलतायत!"

"पण तुम्ही खोटं बोलताय, आजोबा."

पेन थांबलं. आता रागवायचं ते कोणत्या वयावर, हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता.

शेवटी कॉन्स्टेबल बुशारने पान फाडलं आणि दुसरं काढलं. "चालकाने निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारून बघायची असते," ती लिहिता लिहिता म्हणाली. "चौऱ्याऐंशीचा असो नाहीतर अठराचा. तुम्ही मारली नाहीत, काका. तो दंड तुमचा. नुकसानीचं विमावाले बघतील. फेरतपासणीचं कारण मला दिसत नाही." मग ती मंडळींकडे वळली. "आणि इथे आज सकाळी किती जणांनी फेरी मारली होती?"

बावीस जाकिटांतल्या एकाचाही हात वर आला नाही.

नादियाने पिठाने माखलेल्या चाव्या वडिलांच्या कोटाच्या खिशात परत टाकल्या आणि खिशावर जरा जास्तच जोरात थाप मारली.

लारिसाने निळीच्या स्टँडची गाठ सोडवली, वायर बाजूला केली आणि दोन्ही हातांनी हँडल धरून ती मोटारसायकल उचलू लागली. गाडी तसूभर हलली नाही. तिने दात-ओठ खाल्ले. पुन्हा धरली, पुन्हा ओढली.

वेंडेल फ्रीसेन फुरफुरत पुढे आले. मग म्हणाले, "अशी नाही उचलत, वेडे. पाठ लाव तिला. सीटला टेक, आणि बारीक बारीक पावलं टाकत मागे ये."

लारिसा वळली, तिने निळीला पाठ टेकवली, टाचा खडीत रोवल्या आणि पहिलं पाऊल मागे टाकलं.