शांतारामभाऊंचं तेलपाणी

आमच्या शेजारच्या शांतारामभाऊ विश्यांकडे गेलात, तर पाण्याआधी प्रश्न यायचा, "हाताला तेल हाय का?" हो म्हटलं तर मोरीकडे बोट. नाही म्हटलं तरी मोरीकडेच, कारण या बाबतीत माणसाच्या शब्दावर भाऊंचा काडीचा विश्वास नव्हता.

शहापुरात त्यांचं पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. ते पोटासाठी. जीव अडकला होता घरातल्या वायरलेस सेटमध्ये. नव्वदच्या सुमारास परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून भाऊ हौशी रेडिओवाले झाले आणि अंगणातल्या आंब्याला तार बांधून जगाशी बोलू लागले. बोलणं म्हणजे काय, तर "माझा आवाज कसा येतोय?" पलीकडचाही तेच विचारायचा.

बोलण्यापेक्षा त्यांना सेटचं तेलपाणीच जास्त प्यारं. सेटमध्ये जिथे धातूवर धातू फिरतो आणि त्यातून वीज जाते, तिथे मळ बसला की आवाजात खरखर येते. भाऊ ती पितळी टोकं खोडरबराने घासायचे, स्पिरिटने पुसायचे आणि टोक बोथट केलेल्या इंजेक्शनच्या सुईने तेल सोडायचे. किती? "थेंब नाय रे. थेंबाचा वास." कोरडं ठेवलं तर झिजतं, जास्त पाजलं तर बिघडतं, हे त्यांचं तत्त्वज्ञान एसटीपासून जावयापर्यंत सगळ्यांना लागू होतं.

धसईच्या एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाउडस्पीकर खरखरला. भाऊ उठले, खिशातली सुई काढली आणि आवाजाचं बटण उघडून बसले. अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरानवरी ताटकळली. भटजींनी घड्याळ दाखवलं, तेव्हा मुहूर्त टळला तरी चालेल पण खरखरीत लग्न लावू नका, असं त्यांनी भटजींनाच सुनावलं. त्यानंतर धसईहून पत्रिका फक्त वहिनींच्या नावाने यायला लागल्या.

वहिनी सेटला सवत म्हणायच्या. त्या खोलीत केर काढायलासुद्धा जात नसत. चहाचा कप उंबऱ्याबाहेरूनच आत सरकवायच्या.

संध्याकाळी सातला मात्र भाऊ सेटवर असायचेच. विदर्भातले एक निवृत्त मास्तर, अंथरुणाला खिळलेले, त्या वेळी त्यांची वाट बघत. भाऊंचा आवाज ऐकल्याशिवाय मास्तर जेवत नाहीत, असं त्यांच्या सुनेने एकदा सांगितलं होतं.

एका खंडेनवमीला भाऊ सेट उघडा टाकून स्पिरिट आणायला बाजारात गेले. परत येतात तो सेटची पूजा झालेली. स्टेशन लावायचं बटण फिरवलं की पातळ पत्र्यांची एक फणी दुसरीत शिरते, तो सेटचा सगळ्यात नाजूक भाग. त्या फणीत अक्षता, वर झेंडू, आणि शेजारच्या पितळी पत्तीवर तेलात कालवलेल्या हळदीचं बोट. बातमी कळताच मी शेजारधर्म म्हणून धावलो. खरं तर शिव्या ऐकायला.

वहिनी अवघडून उभ्या होत्या. "हळद पाण्यात नाय कालवली," त्या म्हणाल्या. "त्याला तेल लागतं ना? तुमी घालता तसं सुईनं घालाया गेले, जमलं नाय. मग बोटानं लावलं."

भाऊ चिमटा घेऊन अक्षता वेचायला बसले. मी टॉर्च धरला. स्पिरिट, ब्रश, खोडरबर, पुन्हा स्पिरिट. सात वाजून गेले तरी फणी अडकतच होती. मास्तर उपाशी असतील का, असं वहिनींनी दोनदा विचारलं. सवतीचा मित्रपरिवार त्यांना इतका पाठ आहे, हे मला नवीनच होतं.

आठच्या सुमारास सेट लागला. मास्तरांचा खोल गेलेला आवाज आला. उशीर का झाला, तब्येत बरी ना, म्हणून ते पुन्हापुन्हा विचारत होते. भाऊंनी माइकचं बटण दाबलं. ते दाबलेलं असेपर्यंत पलीकडचं काही ऐकू येत नाही.

"मास्तर, आज घरातून सेटची पूजा झाली," ते म्हणाले. "तेल पन घातलंन. मी कसा घालतो ते ती बघत होती, मास्तर. इतकी वर्सं. मला ठावंच नवतं."

दुसऱ्या हाताने ते सांडलेल्या अक्षता गोळा करू लागले. मी उगाचच टॉर्च बंद-चालू करत राहिलो. शिव्या ऐकायला आलेल्या माणसाची चांगलीच पंचाईत झाली.

मास्तर त्यावर काय म्हणाले, ते आम्हा तिघांनाही कळलं नाही. भाऊ बटण सोडायचंच विसरले होते.