बाह्या मावल्या नाहीत

परदेशात शिकून घरी परतलेल्या चिरंजीवांनी ठरवलं, की आईचा शिवणकामाचा कॉम्प्युटर कंपन्यांच्या गुलामगिरीतून सोडवायचा. कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली लिनक्स सिस्टीम तयार मिळते; ती तासाभरात बसली असती. पण स्वातंत्र्य काय आयतं घ्यायचं असतं? सिस्टीम स्वतःच्या हातांनी, तुकडा तुकडा जोडून उभारायची! (मोरीतला नळ आठवडाभर गळत होता. तो पारतंत्र्यातच राहिला.)

"उद्या संध्याकाळी मास्तरीणबाई ब्लाउजचं डिझाइन निवडायला येणारेत," आईनं बजावलं. "तोवर झालं नाही, तर माझं जुनंच परत टाकायचं."

"होणारच! आता फक्त डिस्कची वाटणी करतो."

आईची कात्री थांबली. "एकुलता एक तू. वाटणी कुणाशी?"

"डिस्कचे भाग गं! हा 'रूट', सिस्टीमचा. हा 'स्वॅप', मेमरी कमी पडली तर. आणि हा 'होम'. त्यात तुझे डिझाइनचे फोटो."

"घराला किती दिलंस?"

"उरलेलं."

"तिकडे होतास तेव्हाही तेवढंच द्यायचास." आईनं पुन्हा कापड धरलं. "आणि माया सोडलीस का? शिवणीत जादा कापड ठेवतात ना, पुढं उसवून वाढवायला?"

"आई, हे गणित आहे. यात एक कणही वाया जात नाही!"

दुसऱ्या दिवशी सिस्टीम खरोखरच सुरू झाली. चिरंजीवांचे डोळे पाणावले. मित्राच्या डिस्कवर काढून ठेवलेले फोटो त्यांनी परत भरायला लावले, तोच मास्तरीणबाई आल्या.

"वा! गळे सुंदर आहेत," त्या म्हणाल्या. "पण ताई, बाह्या कुठायत?"

आईनं चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी पडद्याकडे. 'जागा शिल्लक नाही.'

"बाह्या... होममध्ये मावल्या नाहीत."

"म्हणजे बिनबाह्यांचंच शिवायचं? या वयात?"

"नाही नाही, बाह्या बाहेर आहेत!" असं म्हणत ते टेबलाखालची मित्राची डिस्क उचलायला वाकले आणि टर्रर्र! परदेशी पँटनं मागून साथ सोडली.

बाह्या निवडून, हसू आवरत मास्तरीणबाई गेल्या. मागे उशी धरून चिरंजीव भिंतीला चिकटून उभे होते. आता जुनं परत येणार!

आईनं त्यांना वळवून पँटची फाटलेली शिवण उलटून पाहिली. "आत मायाच नाही. आल्यापासून अंग केवढं सुटलंय तुझं! सरळ उभा राहा, माप घेते. आणि उद्या ती डिस्क पुन्हा काप. नीट."

"म्हणजे लिनक्स राहू देतेस?" चिरंजीव गहिवरले. "या वेळी माया सोडीन, आई. शप्पथ! आणि तू पँटला किती सोडतेयस?"

"चांगली चार इंच," आई टेप गुंडाळत म्हणाली. "तुझं ते पुरं होईस्तोवर तू घरीच बसून खाणार, असं दिसतंय."